बोटभर चित्र

यादीत दिसते तेव्हा रुंदी २३१ ठिपके, उंची ८७. एवढीच तिची काया. फोनच्या पडद्यावर अंगठा टेकवला की ती अख्खी झाकली जाते. स्टीम या ऑनलाइन दुकानात जो कुणी व्हिडिओ गेम विकायला ठेवतो, त्याला आधी हिला घडवावं लागतं. गेमचं नाव आणि त्याच्या जगाची एक झलक असलेलं हे आडवं चित्र. धंद्यातली माणसं तिला कॅप्सूल म्हणतात.

गेम बनवायला तीन वर्षं लागोत की सात, त्यातली चित्रं, संगीत, रात्री जागून लिहिलेला कोड यातलं काहीही गिऱ्हाइकापर्यंत आपल्या पायांनी जात नाही. जाते ती ही. गिऱ्हाइकाची नजर यादीवरून भराभर खाली उतरत असते आणि त्या उतरत्या नजरेत हिच्या वाट्याला जेमतेम एखादा क्षण येतो. तेवढ्यात तिला सांगायचं असतं की मी कोण, माझ्या घरात काय चाललंय आणि तू आत आलास तर तुला काय करायला मिळेल. तिला आवाज नाही, हालचाल नाही. मला तिच्याविषयी फार आदर वाटतो, आणि तो का वाटतो ते नीट सांगायचं आहे.

तिच्याभोवतीची गर्दी आधी बघायला हवी. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम सुरू केलं ते मुळात स्वतःच्या गेम्सना इंटरनेटवरून सुधारणा पोचवण्यासाठी. नंतर तिथे बाहेरच्यांचा मालही ठेवायला सुरुवात झाली. छोट्या माणसाला आत शिरणं बरीच वर्षं अवघड होतं. २०१२ मध्ये ग्रीनलाइट नावाची पद्धत आली, तिच्यात लोकांनी मतं देऊन गेम वर आणायचे. जून २०१७ मध्ये तीही गेली आणि दार सताड उघडलं. आता एका गेमचे शंभर डॉलर भरायचे, कराचे आणि बँकेचे कागद द्यायचे, आणि दुकान मांडायचं. हजार डॉलरची विक्री झाली की ते शंभर परत मिळतात. विक्रीतला तीस टक्के वाटा मात्र दुकानदाराचा. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून जास्त नवे गेम आले. रोजचे पन्नासच्या आसपास झाले. आज सकाळी जन्मलेल्या कॅप्सूलला संध्याकाळपर्यंत पन्नास बहिणी मिळतात, आणि सगळ्या त्याच दारात उभ्या राहतात.

घर तिचं मोठं आहे. गेमच्या पानाच्या माथ्यावर बसते ती हेडर कॅप्सूल. दुकानाच्या पहिल्या पानावर मिरवायला मिळालं तर पुढे येते ती मुख्य कॅप्सूल. सेलच्या दिवसांसाठी एक उभी बहीण आहे. पण खरी राबते ती ही धाकटी. शोधायला गेलात तर यादीत ती. ‘लवकरच येणारे’ म्हणून पाहिलंत तर तिथे ती. सर्वाधिक खपाच्या रांगेत गेम चढलाच, तर तिथेही तीच. आणि स्टीम तिचेच आणखी दोन छोटे अवतार आपोआप काढून घेतं, १८४ बाय ६९ आणि १२० बाय ४५. त्या शेवटच्या आकारात माणसाचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा उरतो. तिथेही तिने ओळखू यावं, ही अपेक्षा.

बोलण्यावर तिच्या बंधनं आहेत. १ सप्टेंबर २०२२ पासून व्हॉल्व्हने नियम केला की कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि फार तर अधिकृत उपशीर्षक, इतकंच असेल. कुणा समीक्षकाने दिलेले तारे नकोत, पुरस्काराचं बोधचिन्ह नको, ‘पन्नास टक्के सूट’ नको. त्याआधी काही कॅप्सूलांवर या सगळ्याची इतकी दाटी व्हायची की चित्रच दिसेनासं व्हायचं. मोठं अपडेट आलं तर तेवढ्यापुरता मजकूर जास्तीत जास्त महिनाभर लावता येतो, मग उतरवायचा. मला हा नियम मनापासून पटतो. स्वतःची स्तुती करायची सोय काढून घेतली की उरतं ते रूप, आणि ते रूप तरी खरं असावं लागतं.

हा नियम किती समान आहे हे पुण्याच्या ‘राजी’वरून कळतं. नॉडिंग हेड्स गेम्स हा पुण्यातला छोटा स्टुडिओ. श्रुती घोष, अविचल सिंग आणि मूळचे इंग्लंडचे इयन मॉड यांनी तो उभा केला. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा त्यांचा पहिला गेम. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ, भोवती राजस्थानी वळणाचे महाल आणि गोष्ट पुढे नेणाऱ्या सावल्यांच्या बाहुल्या. २०१७ च्या अखेरीला त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली आणि उद्दिष्ट पुरं झालं नाही. तिथे पुष्कळ गेम संपतात. हा संपला नाही. पुढे प्रकाशक मिळाला, आणि १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोच्या इंडी वर्ल्ड कार्यक्रमात तो दाखवला गेला आणि त्याच दिवशी निन्टेन्डोच्या स्विच या खेळयंत्रावर विक्रीलाही आला. स्टीमसह बाकी ठिकाणी तो १५ ऑक्टोबरला पोचला. त्या डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र स्टुडिओच्या, गेमसाठी त्याला नामांकन होतं. बक्षीस ‘फॅस्मोफोबिया’ला गेलं, पण पुण्यातल्या एका पहिल्या कामाने त्या पंगतीत बसणं ही लहान गोष्ट नव्हे. एवढं सगळं झालं, तरी आजच्या नियमाप्रमाणे ते नामांकन त्याच्या कॅप्सूलवर लावता येत नाही. पानावर आत लिहा, हवं तितकं लिहा. दारात मात्र राजीने एक अनोळखी मुलगी म्हणूनच उभं राहायचं.

मराठी वाचकाला ही कॅप्सूल परकी वाटायचं कारण नाही. वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान आठवा. एक-दोन कॉलमांच्या चौकटी, शेजारी शेजारी खेटून, प्रत्येकीत नाटकाचं नाव, नाट्यगृह, वेळ. पनवेलकर त्यात वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाचं नाव शोधतात. त्या एवढ्याशा जागेत अक्षरांकडे बघून माणूस ठरवतो की हे हसवणारं आहे, ऐतिहासिक आहे की काळजाला घरं पाडणारं आहे. कमल शेडगे यांनी हे काम आयुष्यभर केलं. नाटकं, मासिकं, पुस्तकं, दिवाळी अंक, कितीतरी शीर्षकं त्यांच्या हातची. जुलै २०२० मध्ये ते गेले. ते नाव असं रेखाटत की अक्षरांतच नाटकाचा स्वभाव उतरे, आणि स्वस्त कागदावर, फिक्या शाईत, चौकटीच्या गर्दीतही ते वाचता येई. कॅप्सूल घडवणाऱ्याला हाच अभ्यास करावा लागतो. फरक एवढाच की वर्तमानपत्राचा वाचक ते पान घेऊन चहा संपेपर्यंत बसे, आणि इथलं गिऱ्हाईक थांबत नाही.

आमच्या नवीन पनवेलच्या इमारतीत एक बहीण-भाऊ बरीच वर्षं एक गेम बनवतायत. बहीण मोठी, चित्रं आणि गोष्ट तिच्याकडे. भाऊ कोड लिहितो. दोघांची नावं सांगत नाही, गेमचंही नाही, तो अजून विक्रीला यायचाय. विषय आहे पनवेलची खाडी. रेल्वे आली नव्हती, पनवेल हे बंदर होतं, भात भरून मचवे मुंबईकडे निघायचे, त्या काळातला. खेळणाऱ्याने नाखवा व्हायचं. भरती कधी, ओहोटी कधी, किती पोती भरली तर मचवा चिखलात बसेल, कुणाचा माल आधी पोचवायचा, खलाशांची मजुरी कशातून द्यायची, असा रोजचा ताळेबंद. मी तो खेळून पाहिलाय. ओहोटी लागलेली, दोन पोती जास्त झालेली आणि समोर गाळ, तेव्हा खरोखर हाताला घाम येतो.

पहिली कॅप्सूल बहिणीनेच रंगवली. संध्याकाळची खाडी, दूर कर्नाळ्याचा सुळका, आकाश तांबूस, आणि अफाट पाण्याच्या मधोमध एकुलता एक मचवा. मॉनिटरभर लावलेलं ते चित्र बघताना मी जागची हलले नाही, इतकं ते देखणं होतं. मग भावाने ते २३१ बाय ८७ केलं आणि दुसऱ्या गेम्सच्या यादीत मधे नेऊन बसवलं. वर एक तांबूस पट्टा, खाली एक काळसर पट्टा. कर्नाळा गायब. मचवा म्हणजे पडद्यावर बसलेला धुळीचा कण. नावाची बारीक तिरपी अक्षरं लाटांत विरघळून गेलेली. १२० बाय ४५ मध्ये तर ते चित्र आहे हेसुद्धा सांगावं लागलं असतं.

पण आकारापेक्षा मोठी अडचण वेगळी होती, आणि ती बहिणीनेच आधी पकडली. “काकू, हे बघून तुम्हाला काय वाटतं? गेममध्ये काय करायचं असेल?” तिने मला विचारलं. मी म्हटलं, एखाद्या म्हाताऱ्या नाखव्याच्या आठवणींची गोष्ट असेल, हळूहळू वाचत जायची. ती म्हणाली, “बघा. आणि आत पोती मोजायची आहेत.”

कॅप्सूलचा खरा स्वभाव इथे दिसतो. सुंदर असणं हे तिचं दुसरं काम. पहिलं काम खरं बोलणं. स्टीमवरचा खेळाडू आपल्याला काय आवडतं ते पक्कं जाणून येतो. कुणाला कोडी हवीत, कुणाला शेती, कुणाला हाणामारी, कुणाला आकडेमोड. त्या खाडीच्या चित्राकडे आकडेमोड आवडणारा बघणारच नाही, तो पुढे जाईल. आणि हळव्या गोष्टीच्या ओढीने जो आत येईल, तो पोत्यांच्या हिशेबात अडकून वैतागेल. त्याच्यासाठी परतीची वाट मोकळी आहे. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करून पैसे मागता येतात, २०१५ पासून. जाता जाता तो नाराजीचे चार शब्दही लिहून जाईल. चुकीच्या माणसाला आत बोलावणारी कॅप्सूल आपल्याच घराचं नुकसान करते, मग ती कितीही देखणी असो.

नवी कॅप्सूल अशी आहे. मचवा समोरून, चौकट भरून. पोती काठाच्याही वर रचलेली. मचवा एका अंगाला कललेला आणि पाणी त्या बाजूच्या काठाला टेकलेलं. नाखव्याने एका हाताने शिडाची दोरी धरलीय आणि तो मान वळवून मागे पोत्यांकडे बघतोय. आकाश एकाच फिक्या पिवळ्या रंगाचं, कर्नाळा नाही, ढग नाहीत. डावीकडे जाड, ठसठशीत अक्षरांत दोन ओळींचं नाव. ही लहान केली की पोती राहतात, कल राहतो, माणूस राहतो. बघणाऱ्याच्या मनात सरळ प्रश्न येतो की हा पोचणार की बुडणार. गेममध्येही पहिल्या मिनिटापासून हाच प्रश्न आहे. त्यांच्या वडिलांना अजून जुनं चित्रच जास्त आवडतं. ते वाया गेलं नाही, गेम सुरू होताना पहिल्या पडद्यावर तेच दिसतं, मोठं, जसं बघायला हवं तसं.

आराखडा बहिणीचा असला तरी रंगवायला तिने व्यावसायिक चित्रकार लावला, रीतसर पैसे देऊन. नवा फोन घ्यायला ठेवलेली रक्कम त्यात गेली. यावर घरात चर्चा झाली, कारण हल्ली यंत्राला दोन ओळी सांगितल्या की फुकटात चित्र मिळतं. स्टीमने जानेवारी २०२४ पासून असं यंत्राने केलेलं काम वापरलं असेल तर जाहीर करायला लावलंय आणि ते पानावर दिसतं. पण ते नियमाचं झालं. माझं म्हणणं त्याच्या पलीकडचं आहे. यंत्राने काढलेल्या मचव्याला दोरी कुठे बांधलीय ते ठाऊक नसतं. पोती रचली की भार कुठे जातो, काठ किती बुडतो, माणूस तोल सांभाळताना कुठल्या पायावर उभा राहतो, हे त्या चित्रकाराने खाडीकाठी बसून पाहिलं आणि मग काढलं. आत ज्याचा खेळ आहे तेच बाहेर अचूक असायला हवं. तो पैसा योग्य जागी गेला.

आता तिची मिळकत. कॅप्सूल थेट पैसे आणत नाही. ती आणते विशलिस्ट. गेम यायच्या आधी ‘लवकरच येत आहे’ असं पान लावता येतं. निदान दोन आठवडे ते लावावंच लागतं, आणि जाणते लोक कित्येक महिने आधी लावतात. त्या पानावरचं एक बटण दाबून खेळाडू म्हणतो, आला की मला सांगा. गेम आला की त्या प्रत्येकाला ईमेल जाते. पुढे कधी वीस टक्के किंवा जास्त सूट दिली की पुन्हा जाते. अनोळखी देशातल्या अनोळखी माणसाने दिलेला हा शब्द, आणि तो साठवून ठेवता येतो. धंद्यात सात हजारांचा आकडा वारंवार ऐकू येतो. तेवढे शब्द आधी जमले तर दुकान स्वतःहून ‘लोकप्रिय आगामी’ यादीत जागा देतं असा अनुभव लोक सांगतात. व्हॉल्व्हने असा आकडा कधी जाहीर केलेला नाही. तरी प्रत्येक इंडी विकसक तो मनात धरून चालतो.

रोज सकाळी भाऊ दोन आकडे बघतो. कॅप्सूल किती वेळा कुणाच्या पडद्यावर आली, आणि त्यातल्या किती जणांनी ती दाबून पान उघडलं. पहिला आकडा दुकानाच्या हातात. दुसरा तिच्या. कॅप्सूल बदलली त्या दिवसांत त्या दुसऱ्या आकड्याकडे बघताना त्याचा चेहरा मी पाहिलाय. दहावीच्या निकालाला तो एवढा गंभीर नव्हता, त्याच्या आईचं म्हणणं.

आपल्याकडे एक समजूत फार जुनी आहे. माल चांगला असला की जाहिरात लागत नाही, आणि कलाकाराने विकण्याच्या भानगडीत पडू नये. मी या समजुतीच्या ठाम विरोधात आहे. गर्दी नव्हती तेव्हा ती खरी असेलही. रोज पन्नास गेम येणाऱ्या बाजारात, ज्याने आपलं काम कुणासाठी आहे हे दारात स्पष्ट सांगितलं नाही, त्याने त्या कामावरही अन्याय केला आणि ते ज्याला आवडलं असतं त्या माणसावरही. गोव्यातल्या रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना यांचा ‘फिशबोल’ पाहा. आजी गेल्यानंतर घरात एकटी बसून काम करणारी एक मुलगी, तिचे रोजचे दिवस, बारीक चौकड्यांत काढलेली चित्रं. एवढा शांत विषय. असा विषय आरडाओरडा करून विकता येत नाही, आणि तो ज्याच्या मनाला भिडेल असा माणूस टोकियोत असेल किंवा साओ पावलोत. त्याला हुडकून काढायचं असेल तर दारातलं चित्र त्याच सुरात बोललं पाहिजे. याला विकणं म्हणा. मी याला निरोप नीट पोचवणं म्हणते.

भाषेचं एक दुःख मात्र आहे. स्टीमवर आपल्या दुकानाच्या भाषेप्रमाणे वेगवेगळी कॅप्सूल लावता येते, जपानी माणसाला जपानी अक्षरांतली, जर्मनाला जर्मन. पण त्या दुकानाची पाटीच मराठीत होत नाही, त्यामुळे देवनागरी नावाची वेगळी कॅप्सूल ठेवायला कप्पाच नाही. बहिणीने देवनागरीतलं नाव काढून ठेवलंय, जाड, शिरोरेषेवर पाण्याची पातळी दाखवलेलं. गेमच्या आत ते आहे. दारात इंग्रजी.

विक्रीच्या दिवसाची तयारी चालू आहे. स्टीमचं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. तिथले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. सेल तेव्हा सुरू होतात, पुष्कळ गेमही तेव्हाच येतात. पनवेलची दुकानं बंद झाली, हार्बर लाइनच्या शेवटच्या लोकल गाड्या राहिल्या की या दोघांचं दुकान उघडणार. मग पहिली दहा परीक्षणं. तेवढी झाल्याशिवाय गेमच्या नावापुढे लोकांचं मत काय ते झळकत नाही. इमारतीतले सगळे म्हणाले, आम्ही लिहितो की! त्यांना समजावून सांगावं लागलं की फुकट वाटलेल्या ‘की’वरून, म्हणजे गेम उघडणाऱ्या संकेतांकावरून, लिहिलेलं त्या गुणांत धरत नाहीत, २०१६ पासूनचा नियम आहे. दुकानातून विकत घेतलेल्याचंच मत मोजतात. आणि खेळला तरच लिहा, आवडला नाही तर तसं लिहा, असं बहिणीने जिन्यात उभं राहून सर्वांना बजावलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी नातवाकडून खातं काढून घेतलंय.

पहिल्या आठवड्यात गेम पडला तर कॅप्सूलचं आयुष्य संपतं का? बहुतेकदा ती मागे ढकलली जाते, हे खरं आहे. पण ‘अमंग अस’ स्टीमवर २०१८ च्या नोव्हेंबरात आला, तिघांच्या टीमचा, आणि दीड वर्षाहून जास्त काळ फारसा कुणाला माहीत नव्हता. २०२० च्या मध्यावर टाळेबंदीत लोकांनी तो एकत्र खेळायला घेतला आणि जगभर त्याचंच नाव झालं. त्या सगळ्या काळात त्याची कॅप्सूल दारात होतीच. असं प्रत्येकाचं होत नाही, आणि होईल म्हणून कुणी धंदा मांडू नये. कॅप्सूल बदलता मात्र येते, केव्हाही. कित्येक जण वर्षभराने नवं चित्र लावतात आणि सेलच्या दिवशी नव्या रूपाने पुन्हा उभे राहतात.

सध्या तिसऱ्या मजल्यावर, त्या बहीण-भावांच्या घरी, वाद आहे तो उभ्या चित्राचा. विकत घेतल्यावर खेळाडूच्या संग्रहात गेम दिसतो तो ६०० बाय ९०० च्या चौकटीत, म्हणजे उभा. आडवा मचवा त्यात बसवला की पोती कापली जातात, आणि पोती गेली की गेमच गेला. भावाचं म्हणणं, मचवा दूर न्या. बहिणीचं म्हणणं, दूर नेला की पुन्हा तोच धुळीचा कण. नाखव्याला पोत्यांवर उभा करावा, शीड सबंध वरपर्यंत न्यावं आणि काठाला टेकलेलं पाणी खाली ठेवावं, असं ती सुचवते. चित्रकाराने पेन्सिलचे आराखडे पाठवलेत. तो विचारतोय की भरलेल्या पोत्यांवर नाखवा बूट न घालता, अनवाणी उभा राहील ना? बहिणीने लगेच उत्तर लिहिलं, अनवाणीच, आणि अंगठा पोत्यात रुतलेला दाखवा.